जोत्याखालचा गाव

राजापुरात उतरले की पहिला प्रश्न गंगेचा असतो. "गंगा आली का?" स्टँडवरचा चहावाला, रिक्षावाला, पुलापाशी कोकमाचे आगळ विकणारी बाई, सगळे एकमेकांना हेच विचारतात. मे महिन्याच्या अखेरीस मी गेलो तेव्हा गंगा आलेली नव्हती. उन्हाळे गावातली चौदा कुंडे कोरडी होती. खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर मात्र दुखरे गुडघे घेऊन माणसे बसली होती. साधारण तीन वर्षांनी ही गंगा प्रकटते, काही काळ वाहते आणि निघून जाते. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक मुंबईहून रात्रभर प्रवास करून येतात.

दुसरी चौकशी वखारीची. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी वसलेले राजापूर सतराव्या शतकात कोकणातले नावाजलेले बंदर होते. १६४९-५० च्या सुमारास इंग्रजांनी इथे वखार घातली. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा याच वखारीतल्या माणसांनी स्वतःचे निशाण लावून गडावर तोफा डागल्या. शिवाजी महाराजांनी ते विसरायचे कारण नव्हते. १६६१ मध्ये त्यांनी राजापूर गाठले, वखार खणून काढली आणि वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैद केले. त्यांची सुटका व्हायला १६६३ साल उजाडले. ही हकिकत आपण शाळेत वाचलेली असते. आता नदी गाळाने भरली आहे, जहाजे येणे कधीच थांबले आहे आणि पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरले की तेवढ्यापुरते राजापूर बातम्यांत येते.

पण शहर म्हणजे तालुका नव्हे. पूर्वेला पाचल, रायपाटण करत अणुस्कुऱ्याच्या घाटापर्यंत आणि पश्चिमेला नाटे, जैतापूर, आंबोळगडच्या समुद्रापर्यंत पसरलेल्या या मुलुखात वाड्या-वाड्यांनी विखुरलेली गावे आहेत. या गावांचा इतिहास पाहायला मी आलो होतो. माझे पणजोबा याच तालुक्यात कूळ होते. ते कोणाची जमीन कसत होते, किती भात घालत होते, कोणत्या साली गाव सोडून परळला आले, यातले काहीही आमच्या घरात कोणाला सांगता येत नाही. ज्यांची जमीन ते कसत त्या घराण्याची मात्र वंशावळ छापलेली आहे.

ही तफावत मला आयर्लंडविषयी वाचताना जास्त बोचू लागली. रॉसकॉमन परगण्यात स्ट्रोक्सटाऊन नावाचे एक खेडे आहे. तिथे माहोन घराण्याची मोठी जमीनदारी होती. बटाट्यावरच्या रोगाने दुष्काळ पडला तेव्हा डेनिस माहोन या जमीनदाराने १८४७ मध्ये आपली १,४९० कुळे, म्हणजे बायकापोरांसकट तेवढी माणसे, कॅनडाला रवाना केली. त्यांतली कितीतरी जहाजातच तापाने मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहोनला रस्त्यात गोळी घालून मारण्यात आले. पुढे घराणे खालावले आणि १९७९ मध्ये तो वाडा जमिनीसकट तिथल्याच एका गॅरेजवाल्याने विकत घेतला. त्याला जागा हवी होती ती धंद्यासाठी. पण वाड्यातली कागदपत्रे चाळताना त्याच्या हाती कुळांचा एक अर्ज लागला. क्लूनाही नावाच्या वाडीतल्या माणसांनी १८४६ मध्ये लिहिलेला: आमची पोरे उपाशी आहेत, काम द्या. त्या माणसाने वाडा पाडला नाही, कागद विकले नाहीत. १९९४ मध्ये तिथेच दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले.

आयर्लंडला हे कागद फार मोलाचे वाटतात त्याला आणखी एक कारण आहे. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले. शेकडो वर्षांची नोंद एका आगीत गेली. त्यानंतर साध्या शेतकऱ्याचे नाव शोधायचे तर अनेकदा जमीनदाराच्या वसुलीच्या वह्यांकडे वळावे लागते. ज्याने लुबाडले त्याच्याच वहीत लुबाडलेल्याचे नाव शिल्लक राहिले आहे. अमेरिकेतून येणारे आयरिश वंशज आज त्या वह्यांत बोट फिरवून आपला खापरपणजोबा शोधतात.

आपल्याकडे ते जमीनदार म्हणजे खोत. दोघांत फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. आयर्लंडचा जमीनदार बहुतेकदा इंग्रजांच्या विजयानंतर जप्त जमिनीवर बसवलेला, धर्माने वेगळा, बोलीने वेगळा, अनेकदा लंडनमध्येच राहणारा. खोत याच मातीतला. ओसाड गाव वसवायचे, सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि त्या बदल्यात गावावर हक्क चालवायचा, अशी ही व्यवस्था आदिलशाहीपासून दिसते. खोत मराठे होते, मुसलमान होते, पुढे पेशवाईत चित्पावन आणि कऱ्हाडे घराणी मोठ्या संख्येने खोत झाली. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जमीन मोजून धारा बांधला तो अशा वतनदारांचा हात आखडण्यासाठीच. सभासदाच्या बखरीतही वतनदारांनी वाडे-कोट बांधून रयतेला कसे नाडले आणि महाराजांनी त्यांना कसा आळा घातला याचे वर्णन आहे. तो आळा फार काळ टिकला नाही. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावे खोती होती.

शहरातून मी आधी समुद्राच्या बाजूला गेलो. रस्ता सड्यावरून जातो. मे महिन्यातला सडा म्हणजे मैलोन्मैल काळवंडलेला कातळ, मधूनच करवंदाची जाळी, आणि चिऱ्यांचे गडगे घालून राखलेल्या कलमांच्या बागा. उतारावर राब भाजून काळे झालेले चौकोनी वाफे दिसत होते. पहिला पाऊस पडला की त्यात तरवा टाकायचा. आडिवऱ्याला महाकालीचे दर्शन घेतले. सागवानी कोरीव छत असलेले ते देऊळ दुपारच्या उन्हातून आत शिरल्यावर विलक्षण गार वाटते. तिथून कशेळी जवळच.

कशेळीचा कनकादित्य हे कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. मूर्ती सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून गलबतातून आली, गलबत इथल्या किनाऱ्याशी अडले, मूर्ती कड्याखालच्या घळीत ठेवली गेली आणि कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका गावात सांगतात. ती घळ म्हणजे देवघळी. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव होतो. मला ओढ होती ती ताम्रपटाची. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३ मध्ये, म्हणजे इसवी सन ११९१ च्या सुमारास, कशेळी हे गाव गोविंदभट्ट भागवत यांना दिले. रोज बारा ब्राह्मणांना भोजन घालावे, त्यासाठी गावाचे उत्पन्न. वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांचा जो मोठा संग्रह १९७७ मध्ये सिद्ध केला, त्यात हा लेख अभ्यासकांना मिळतो.

आठशे वर्षांहून जुना कागद, तोही तांब्याचा, एका खेडेगावाने सांभाळला याचा अभिमान कशेळीकरांना आहे आणि तो रास्त आहे.  देवळाच्या आवारात उभा राहून मी विचार करत होतो तो त्या बारा पानांच्या भाताचा. रोज बारा माणसे जेवायची म्हणजे वर्षाला किती खंडी भात लागत असेल? ते कोणत्या मळ्यात पिकत असेल, आणि कोण लावत असेल? दानपत्रात दाता असतो, दान घेणारा असतो, पुढच्या राजांनी हे दान मोडू नये म्हणून शाप असतात. चिखलात वाकलेल्याचे नाव लिहिण्याची त्या काळात पद्धत नव्हती. त्याबद्दल बाराव्या शतकाला दोष देऊन उपयोग नाही. पण पुढे ती नावे लिहिली जाऊ लागली. खोताला वसूल करायचा होता, म्हणून त्याला नावे लिहावीच लागली. ती कुठे आहेत, हा माझा शोध होता.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या आतल्या भागात एका खोतांच्या घरी गेलो. घरच्यांनी नाव न छापण्याची विनंती केली, म्हणून गावाचेही नाव लिहीत नाही. घर पाहिले आणि पहिल्याप्रथम नजर जोत्यावर गेली. छातीइतके उंच, घडीव चिऱ्यांचे जोते. पुढे शेणाने सारवलेले मोठे खळे, मग पायऱ्या, मग पडवी, मग ओटी, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा, मागे माजघर, देवघर, आणि त्याच्याही मागे अंधारे कोठार. कोठारात दोन रिकाम्या कणग्या अजून उभ्या होत्या. एका कोनाड्यात लाकडी पायली आणि शेर, झिजून कडा गोल झालेले.

घरात आजोबा आणि त्यांची सून, दोघेच राहतात. मुलगा पुण्याला. "या, बसा. आधी पाणी घ्या," म्हणत त्यांनी गूळ आणि तांब्या पुढे केला. मी कुळाच्या घरातला, हे मी आधीच सांगितले होते. ते क्षणभर गप्प राहिले, मग झोपाळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे बसा. तुमच्या पणजोबांना या पडवीच्या वर येता आले नसते. आता ते काही राहिले नाही."

त्यांनी मला जे सांगितले त्यात स्वतःच्या घराची वकिली नव्हती, आणि खोटी लाजही नव्हती. आमचे घर मोठे दिसते, पण खोती एकट्याची कधीच नव्हती, ते म्हणाले. आठ तक्षिमा. दर वर्षी एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याने त्या वर्षी वहिवाट बघायची, सरकारचा सारा भरायचा, मग स्वतःचे काय ते. "आपली पाळी पुन्हा आठ वर्षांनी. मग माणूस त्या वर्षात काय सोडतो?" या एका वाक्यात त्यांनी खोतीतल्या जाचाचे एक मोठे कारण सांगून टाकले. गावाची काळजी वर्षानुवर्षे वाहणारा मालक तिथे नसे. हक्काचे वर्ष हाताशी आलेला भागीदार असे.

मग माळ्यावरून पेटी उतरवायला त्यांनी माझी मदत मागितली. पेटीत लाल आलवणाचे रुमाल, आणि रुमालांत बांधलेले मोडीतले कागद. वरच्या दोन रुमालांची वाळवीने खाऊन चाळण झाली होती. तिसरा शाबूत होता. मला मोडी अडखळत वाचता येते. आजोबांना लहानपणी येत होती, आता नजर साथ देत नाही. आम्ही दोघे ओटीवर कागद पसरून बसलो आणि संध्याकाळ कशी झाली ते कळले नाही.

वसुलीच्या वहीत एका ओळीत एक कूळ. आधी नाव, बापाचे नाव, मग ठिकाणाचे नाव, मग अभावणीचा आकडा, मग आलेले, मग बाकी. कोकणात शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव असते. फणसाचे मळे, वडाचे खाचर, सतीचा माळ, असली नावे आजही तोंडी आहेत; पण सरकारी सातबाऱ्यावर ती बहुधा सापडत नाहीत, तिथे गट नंबर असतात. खोताच्या वहीत ती सगळी आहेत. अभावणी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज. भात पिवळे पडले की खोत किंवा त्याचा कारकून बांधावर येई, नजरेने पीक ठरवी, आणि त्या अंदाजावर खंड बसे. भातजमिनीला निम्मे, म्हणजे अर्धेल. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीला तिसरा हिस्सा, म्हणजे तिर्धेल. अभावणी होईपर्यंत कुळाने कापणीला हात लावायचा नाही. पाऊस येवो, डुकरे येवोत. अंदाज जास्त धरला तर फरक कुळाच्या पोटातून जायचा.

त्या वहीत बाकीचा रकाना मी शेवटपर्यंत पाहत गेलो. क्वचितच तो कोरा होता. एका कुळाची बाकी वर्षामागून वर्षे पुढे ओढत आणलेली दिसते, मग एका वर्षी त्या ओळीत त्याच्या मुलाचे नाव येते, आणि बाकी तशीच पुढे चालू राहते. बाप गेला हे त्या घरातल्या माणसांखेरीज जगाला सांगणारा एवढाच पुरावा. वेठीच्या याद्या वेगळ्या होत्या: कोणी किती नांगर दिले, कोणी घर शाकारायला आले, कोणी पालखीला, कोणी लाकडे फोडायला. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातली नावेही होती, फक्त त्यांच्या नावापुढे बापाचे नाव लिहायचे कष्ट लिहिणाऱ्याने घेतले नव्हते.

माझ्या पणजोबांचे गाव वेगळे, तेव्हा त्यांचे नाव इथे असण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्यांची नावे होती, त्यांची नातवंडे त्याच गावात खालच्या वाडीत राहतात.

खालच्या वाडीत मी दुसऱ्या सकाळी गेलो. पाणंदीने उतरून, ओढा ओलांडून. नव्वदीला टेकलेले एक कुणबी आजोबा पडवीत काथ्या वळत बसले होते. घर सिमेंटचे, वर पत्रा, अंगणात मांडव. मुंबईहून आलेली नातवंडे फणसाभोवती जमलेली. त्यांना खोतीचे शेवटचे दिवस आठवत होते. पहिला नांगर खोताच्या शेतात, मग आपल्या. सणाला कोंबडा. खोताच्या घरावरून जाताना डोक्यावरचे मुंडासे काढायचे, पायातले हातात घ्यायचे. हे ते संथपणे सांगत होते. आवाज चढला तो फक्त अभावणीबद्दल बोलताना. "पीक आमी लावलं, आमी राखलं, आनि किती हाय ते त्यानं सांगायचं!" नव्वद वर्षांच्या माणसाला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची चीड जशीच्या तशी आठवावी, एवढी ती खोल गेलेली होती.

इंग्रज सरकारला या अन्यायाची कल्पना होती. पाहणी झाली, भांडणे झाली, आणि १८८० मध्ये खोती कायदा आला. १८४५-४६ सालापासून सलग जमीन कसणाऱ्या कुळांना त्याने कायमपणाचा हक्क दिला. बाकीची कुळे खोताच्या मर्जीवर राहिली. या कायद्याला कायदेमंडळात कडाडून विरोध केला तो रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी. ते दापोलीजवळच्या मुरूडचे, स्वतः खोत घराण्यातले, आणि त्या काळातल्या मुंबईतल्या सर्वांत विद्वान माणसांपैकी एक. योगायोगाने त्याच १८८० सालच्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर कुळांनी बहिष्कार घातला. मजूर मिळेना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. पिके काढायला उत्तरेतून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणाला पलटण आणावी लागली. तिथल्या कुळांमागे मायकेल डेव्हिटने उभी केलेली लँड लीग होती. आपल्या कुळांमागे तेव्हा अशी संघटना नव्हती. उलट १८९९ मध्ये खोतीचा प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा केसरीतून खोतांची बाजू लोकमान्यांनी मांडली. टिळकांचे घराणे चिखलगावचे खोत. आयरिश लढ्याचा दाखला देणारा, इंग्रजांशी एवढ्या निर्भयतेने झुंजलेला नेता आपल्याच जिल्ह्यातल्या कुळाच्या बाजूने उभा राहिला नाही, हे मला वाचताना दुःखाचे वाटते आणि ते तसे लिहिले पाहिजे.

कुळांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले, म्हणजे तेही याच जिल्ह्यातले. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत त्यांनी खोतीविरुद्ध आवाज उठवला. तिकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांनी जमिनी कसायचेच सोडले; तो संप सहा वर्षे चालला, माणसे कंदमुळे खाऊन आणि लाकडे विकून जगली, पण नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कोकणातून कुळे बोटीने आली होती, आणि गिरणगावातले त्यांचे भाऊबंद त्यांच्याबरोबर चालले. कुणबी आणि महार एकाच झेंड्याखाली चालल्याचे असे दृश्य कोकणाने त्याआधी पाहिले नव्हते. शिष्टमंडळ बाळासाहेब खेरांना भेटले. खेर तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान, जन्माने रत्नागिरीचेच. विधेयक त्या वेळी अडगळीत पडले. पण खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९५० मध्ये अमलात आला तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते. कूळकायदाही याच सुमाराचा, आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन: त्या दिवशी जो कसत होता तो मालक.

खालच्या वाडीतल्या आजोबांना कृषक दिनाची तारीख माहीत नव्हती. "नाव लागलं," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या वडिलांचे नाव लागले. शेजारच्या घराचे लागले नाही, कारण ते तोंडी बोलीवर कसत होते आणि कागदावर कुठेच नव्हते. शेजारचे घर त्यानंतर दोन वर्षांत मुंबईला उठून गेले. कायद्याने ज्यांना जमीन दिली त्यांनाही ती पुरली नाही. एकर-दीड एकर भातशेतीवर चार भावांचे पोट चालत नाही. राजापूर, लांजा, संगमेश्वर इथली माणसे गिरण्यांत गेली, तिथून मनीऑर्डरी आल्या आणि गावाकडची चूल पेटत राहिली. आयर्लंडच्या खेड्यांत अमेरिकेतून येणाऱ्या पत्रातला पैसा हेच काम करी. १९८२ च्या गिरणी संपाने ती नाळही तुटली, आणि जे परतले त्यांना कळले की इथली शेते आता बिननांगरलेली आहेत.

खोतांच्या घरातल्या आजोबांना मी निघताना विचारले होते, हे कागद कोणाला का दाखवत नाही? त्यांचे उत्तर सरळ होते. भीती. या तालुक्यात जमिनीला अचानक भाव येतो. माडबन-मिठगवाण्याला अणुऊर्जेचा प्रकल्प ठरला तेव्हा आला, बारसू-सोलगावला रिफायनरीचे वारे वाहू लागले तेव्हा आला. २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाविरुद्ध गावकऱ्यांचे जे आंदोलन झाले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. सडा म्हणजे गुरे चरायची वरकस जमीन, शंभर वर्षे कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. आता एकेका सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावे, त्यातली निम्मी माणसे कोणी ओळखत नाहीत. अशा वेळी जुना कागद बाहेर काढला तर कोण कोणता दावा लावील याचा नेम नाही. कूळ म्हणेल आमचा हक्क निघतो, भाऊबंद म्हणतील आमची तक्षीम निघते. त्यापेक्षा माळ्यावरच बरे.

ही भीती मला समजते. पण मला ती पटत नाही. १९५७ नंतर कुळांच्या हक्कांचा निकाल मुख्यतः सरकारी नोंदींवर लागतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या अभावणीच्या वहीने कोणाची जमीन जाण्याची शक्यता फार थोडी. उलट वही गेली तर जे जाते ते परत कुठूनच मिळणार नाही. आपल्या गावांच्या नोंदी कोणत्या एका आगीत जळल्या नाहीत. त्या घराघरांत, माळ्यामाळ्यांवर, एकेका पावसाळ्यात थोड्या थोड्या जात आहेत. मी गेलो त्या घरातले दोन रुमाल गेलेच आहेत. त्यांत कोणाची नावे होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

खोतांवर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ने तर मराठी वाचकाला ते वाडे आणि त्यांतली माणसे कायमची ओळखीची करून दिली. घराण्यांचे कुलवृत्तांत छापून झाले. कुळांचा कुलवृत्तांत कोणी छापलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो लिहिण्याचे साधन नेमके खोतांच्या घरात आहे. या दोन गोष्टी एकत्र आणता आल्या तर राजापूर तालुक्यातल्या प्रत्येक वाडीला स्वतःचा दोनशे वर्षांचा इतिहास मिळेल, माणसांच्या आणि शेतांच्या नावांसकट.

म्हणून राजापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या खोत घराण्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या गणपतीत सगळे भाऊबंद गावी जमतील तेव्हा माळ्यावरची पेटी खाली घ्या. कागद कोरडे करा, वाळवीचे वेगळे काढा, एकेका पानाचा फोटो घ्या. त्याला मोबाइल पुरतो. मूळ कागद घरातच ठेवायचे असतील तर ठेवा, नाहीतर कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात द्या. मोडी वाचणारी तरुण मुले-मुली आता गावोगावी तयार होत आहेत, त्यांना बोलवा. आणि वाचून झाले की एक प्रत खालच्या वाडीत नेऊन द्या. तिथल्या नव्वदीच्या माणसांना अजून ठिकाणांची नावे तोंडपाठ आहेत. कागदातले कोणते शेत आज कुठे आहे, हे ती माणसे हयात आहेत तोवरच बांधावर उभे राहून दाखवता येईल.